बदल काही नाही

नवऱ्याच्या व्हिशाच्या अर्जाचं स्टेटस उघडलं की चार वर्तुळं दिसतात. अर्ज मिळाला, पात्रता, वैद्यकीय, पार्श्वभूमी. पहिली तीन हिरवी, भरीव. चौथं पोकळ, आणि त्याच्याखाली दोन वाक्यं: ‘आपली सुरक्षा पडताळणी सुरू आहे. आपण काही करण्याची आवश्यकता नाही.’ सुरुवातीला मला यातल्या दुसऱ्या वाक्याचा आधार वाटायचा. काही महिन्यांनी तेच टोचायला लागलं. आता तेहतिसावा महिना आहे आणि आम्ही काही करण्याची आवश्यकता अजूनही नाही.

मी इकडे आणि नवरा तिकडे, अशी आमच्या लग्नाची भौगोलिक परिस्थिती आहे. मी इथली नागरिक, त्याला बोलावून घेणारी, म्हणजे सरकारी भाषेत ‘स्पॉन्सर’. देश कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. फाईल अजून उघडी आहे, आणि गाभाऱ्याच्या दारात उभं राहून पुजाऱ्याची उणीदुणी काढू नयेत इतपत अक्कल मला आहे. शिवाय या तीन वर्षांत ओळख झालेल्या कितीतरी जणांच्या फाइली निरनिराळ्या देशांत अडकून आहेत. आमच्या सगळ्यांच्या गोष्टींची पानं एकमेकांत मिसळली, तर कुठलं पान कुणाचं ते आम्हालाही ओळखू येणार नाही.

अर्ज केला तेव्हा संकेतस्थळावर बारा महिने असं लिहिलेलं होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे बाळकडू प्यालेली माणसं आम्ही. मनात अठरा धरले. पात्रता तिसऱ्या महिन्यात झाली, वैद्यकीय पाचव्या. त्या वेगावर आम्ही इतके खूश झालो की मी दोघांना पुरेल असं घर भाड्यानं घेऊन टाकलं. त्यातली एक खोली ‘त्याची’ आहे. सध्या तिथे इस्त्री करायचे कपडे राहतात.

लोकांना समजावताना आधी एक गैरसमज काढावा लागतो. ‘पोलिसांचा दाखला आला ना त्याचा? मग राहिलं काय?’ पोलिसांचा दाखला वेगळा. तो अर्जदार स्वतः आणून देतो, नावावर गुन्हा आहे की नाही एवढंच त्यात असतं. सुरक्षा पडताळणी अर्जदाराच्या हातात नसते, आणि गंमत म्हणजे व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याच्याही हातात नसते. तो फाईल दुसऱ्या खात्याकडे पाठवतो आणि उत्तराची वाट बघत बसतो, आपल्यासारखाच. कॅनडाची रचना बरीचशी उघड आहे म्हणून तिचं उदाहरण देते. तिथे अर्ज येतो स्थलांतर खात्याकडे, पण छाननीत सीमा सेवा संस्थेचा आणि १९८४ साली स्थापन झालेल्या गुप्तवार्ता सेवेचा हात लागतो. तिघांनी मिळून एका माणसाकडे बघायचं, आणि २००१च्या स्थलांतर कायद्यातलं कलम ३४, म्हणजे हेरगिरी, दहशतवाद, सरकार उलथवण्याचा प्रयत्न वगैरे, त्याला लागू होतं का ते सांगायचं. अमेरिकेत मुलाखतीनंतर खिडकीतून एक कागद मिळतो, १९५२च्या कायद्यातल्या कलम २२१(जी)चा, म्हणजे व्हिसा तूर्तास रोखून धरल्याचा. लोक नुसतं ‘टू ट्वेंटीवन जी आलं’ म्हणतात, एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसं. २०२० पासून तर अशा फाइलींसमोर स्टेटस ‘रिफ्यूज्ड’ असंच दिसतं आणि पडताळणी चालू असू शकते हे खाली वाचावं लागतं. आधी नाही म्हणून ठेवायचं आणि मग सावकाश विचार करायचा.

झोप येत नसली की मी या तपासण्यांचा इतिहास वाचते. आमचं खातं ताकास तूर लागू देत नाही; मग इतर देशांनी जे कुठे कुठे छापून ठेवलंय त्यावर तहान भागवायची. त्यात मला खरोखर उपयोगी पडली ती अमेरिकेतली २००७ सालची गोष्ट. ती नातेवाइकांच्या व्हिशाची नाही, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जांची आहे, पण घोडं नेमकं कुठं पेंड खातं ते तिच्यात स्वच्छ दिसतं. सप्टेंबर २००१ नंतर तिथल्या स्थलांतर खात्यानं नावांची तपासणी जास्त खोल करायची ठरवली आणि २००२च्या अखेरीस २७ लाख नावं एफबीआयकडे पुन्हा तपासायला पाठवली. मे २००७ मध्ये ३,२९,१६० तपासण्या तुंबलेल्या होत्या. त्यातल्या एक लाखाहून जास्त वर्षभरापेक्षा जुन्या.

का तुंबल्या? संगणकात नाव घातलं की बहुतेकांचं काही निघत नसे आणि ती दोन-चार दिवसांत सुटत. उरलेल्यांचं नाव कुठल्यातरी नोंदीशी जुळे. ती नोंद त्या माणसाचीच असेल असं नाही. तोच असला तरी आरोपी म्हणून असेल असंही नाही. दुसऱ्याच कुणाच्या चौकशीत ओझरता उल्लेख असला तरी नाव लागायचं. मग मूळ कागद काढून डोळ्यांनी वाचणं आलं, आणि ते कागद देशभरातल्या २६५हून जास्त ठिकाणी विखुरलेले. म्हणजे लाखभर माणसं वर्षभर थांबली ती संशयित होती म्हणून नव्हे. कपाटापर्यंत जाऊन कागद काढायला पुरेशी माणसं नव्हती म्हणून. सुटका कशी झाली तेही बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये खात्यानं एक पत्रक काढलं: बाकी सगळं ठीक असेल आणि नावाची तपासणी १८० दिवसांहून जास्त रखडली असेल, तर ग्रीन कार्ड देऊन टाका; नंतर काही निघालं तर बघू. मग माणसं वाढवली, आणि २००९च्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळी उत्तरं महिन्याभरात यायला लागली.

हे वाचून मी नवऱ्याला उठवला. त्याच्याकडे तेव्हा पहाट होती.

‘म्हणजे आपली फाईल कुणी वाचतच नसेल?’ तो म्हणाला.

‘बहुतेक नाही.’

‘मग हे चांगलं की वाईट?’

मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही.

त्याच्या बाबतीत मात्र नाव जुळायला वाव भरपूर आहे. मराठीत एकच असलेलं नाव रोमन लिपीत गेलं की त्याची चार माणसं होतात. पासपोर्टवर आडनावात एक ‘ए’ आहे, सीडीसीवर दोन, पदवीवर शेवटी आणखी एक. सीडीसी म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे, आणि आमची खरी कथा इथून सुरू होते.

पार्श्वभूमीच्या फॉर्मवर मागच्या दहा वर्षांचा हिशेब मागतात. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत कुठे राहिलात, काय केलंत, कुठे प्रवास केलात. मध्ये एका महिन्याचीही फट चालत नाही. दहा म्हणजे आम्ही नशीबवान. अमेरिका २०१७ पासून काही अर्जदारांना डीएस-५५३५ नावाचा फॉर्म देते, त्यात पंधरा वर्षं मागतात आणि वर पाच वर्षांतली सोशल मीडियावरची सगळी नावं. ऑस्ट्रेलियात फॉर्म ८० म्हटलं की माहीतगार माणूस आधी डोक्याला हात लावतो. सामान्य नोकरदाराला यात दोन संध्याकाळी जातात. जहाजावरच्या माणसाला किती जातात? आम्हाला सात आठवडे लागले. राहण्याचा पत्ता ‘अमुक जहाज, दक्षिण अटलांटिक’ असा लिहिता येत नाही. फॉर्म पिनकोड मागतो.

शिक्के आणि सह्या सीडीसीत होत्या, कुठे साइन ऑन, कुठे साइन ऑफ. पण मधली बंदरं? ती त्याच्या एका डायरीत निघाली. काळ्या रेक्झिनचं कव्हर, कोपऱ्यांना तेलकट अंगठ्याचे ठसे, आणि आत बंदराचं नाव, तारीख, पुढे फक्त इंजिनाबद्दल एखादा शब्द. फुजैरा, प्युरिफायर. सांतोस, काही नाही. नोव्होरोस्सिस्क, थंडी. लागोस, जनरेटर दोन. व्हिडिओ कॉलवर तो एकेक ओळ वाचायचा आणि मी टाइप करायची. एकदा मी विचारलं, जहाज बंदराला लागलं पण तुझा पाय जमिनीला लागला नाही, तर तो प्रवास धरायचा का? सूचनांमध्ये याचं उत्तर नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, सगळं लिहा. जास्त सांगितलं तर वेळ जातो, कमी सांगितलं तर ते खोटं ठरू शकतं. त्यांचं म्हणणं खरंच आहे. कॅनडाच्या कायद्यात माहिती दडवल्याचं सिद्ध झालं तर कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद होतं. आम्ही सगळं लिहिलं. एकसष्ट ओळी झाल्या. चौतिसावी ओळ होती: बंदर अब्बास, इराण.

ती ओळ टाइप करताना मला काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं पंधराव्या-सोळाव्या महिन्यानंतर. बाहेरून उत्तर येईनासं झालं की माणूस घरातच शोधायला लागतो. मी त्याच्या जुन्या फोटोंत कोण कोण उभं आहे ते बघायला लागले. एका जहाजावरचा त्याचा सहकारी नंतर कुठे गेला, त्याचं पूर्ण नाव काय, असं सहज म्हणून विचारायला लागले. २०१६च्या उन्हाळ्यातले पाच महिने दोन जहाजांच्या मध्ये नुसतेच होते. त्यासमोर आम्ही ‘घरी, कामाच्या शोधात’ असं लिहिलं होतं. तेवढ्यावरून मी एका आठवड्यात तीनदा विषय काढला. आणि मग एका रात्री, अगदी साध्या आवाजात, विचारलं, ‘बंदर अब्बासला तू उतरला होतास का रे?’

तो बराच वेळ काही बोलला नाही. चित्र अडकलंय असं मला वाटलं. मग म्हणाला, ‘तूही?’

एवढंच. ओरडला नाही, रागावला नाही. पाणी प्यायला. नंतर सांगितलं ते असं, की तेव्हा तो ज्युनिअर इंजिनिअर होता, जहाज गव्हाचं होतं, सहा दिवस माल उतरत होता आणि कुणालाही किनाऱ्यावर जायची परवानगी नव्हती. इंजिन रूममधून वर आला की डेकवरून तपकिरी डोंगर दिसायचे. त्याला इराण एवढाच माहीत आहे. आणि २०१६च्या त्या पाच महिन्यांत कामं खरंच नव्हती, रोज सकाळी तयार होऊन तो कंपन्यांच्या दारात जाऊन यायचा, आणि हे त्यानं लग्नाआधी मला सांगितलं नव्हतं कारण त्याला त्याची लाज वाटत होती.

कोणत्या खात्यानं आमची पडताळणी केली की नाही, मला ठाऊक नाही. मी केली, हे नक्की. आणि ती खात्यापेक्षा वाईट पद्धतीनं केली, कारण निदान खात्याकडे काही प्रश्नावली असेल.

त्यानंतर मी फाईलची नोंद मागवली. माहितीच्या अधिकाराखाली असे उतारे बऱ्याच देशांत मिळतात; कॅनडात तर १९८३ पासून अंमलात असलेल्या कायद्यानं पाच डॉलरांत मिळतात, आणि तिथली मंडळी ‘जीसीएमएस नोट्स आल्या का’ (म्हणजे खात्याच्या संगणकातल्या फाईलच्या नोंदी) असं एकमेकांना विचारतात. आमच्या पीडीएफची बेचाळीस पानं आली. त्यातली अकरा पूर्ण पांढरी, कोपऱ्यात फक्त कलमाचा आकडा. उरलेल्यात आमचीच माहिती आम्हाला परत पाठवलेली. लग्न खरं असल्याबद्दल एका अधिकाऱ्यानं अडीच ओळी लिहिल्या होत्या: पत्रव्यवहार सातत्यपूर्ण, भेटी नोंदलेल्या, शंका नाही. कुणा परक्या माणसानं आपल्या संसाराबद्दल ‘शंका नाही’ असं लिहिलेलं वाचून मला भलतंच भरून आलं. त्याच पानावर खाली: सुरक्षा, पाठवले. तारीख. त्यापुढे काही नाही. त्या तारखेपासून आजपर्यंत कुणी त्या ओळीला हात लावलेला दिसत नाही. म्हणजे त्या रात्री मी बंदर अब्बासबद्दल विचारलं, तेव्हा ते विचारणारी जगात मी एकटीच होते.

नवऱ्याच्या धंद्यात थांबण्याचे पैसे पडतात, हे मला लग्नानंतर कळलं. जहाज बंदराबाहेर पोचलं की कॅप्टन ‘नोटीस ऑफ रेडिनेस’ पाठवतो: आम्ही आलो आहोत, तयार आहोत. तिच्या हिशेबानं घड्याळ सुरू होतं. माल चढवा-उतरवायला किती वेळ घ्यायचा ते करारात ठरलेलं असतं आणि त्याच्यावर गेलं की दिवसाला इतके, असं डेमरेज लागतं. ‘म्हणजे थांबवणाऱ्याला थांबवण्याची किंमत मोजावी लागते,’ तो म्हणाला. ‘तुमच्या सरकारात डेमरेज नाही का?’ (‘तुमच्या’. फाईल पुढे सरकली नाही की ते माझं सरकार असतं.)

डेमरेज नाही, पण त्याच्या जरा जवळ जाणारी एक गोष्ट आहे. आपण तिला परमादेश म्हणतो, इंग्रजी कायद्यात मँडेमस. कोर्ट खात्याला सांगतं, निर्णय घ्या. हो म्हणा असं सांगत नाही, घ्या एवढंच. कॅनडातल्या १९९८च्या एका निकालात याची कसोटी ठरली, आणि तोही गुप्तवार्ता खात्याच्या चौकशीत अडकलेला नागरिकत्वाचा अर्ज होता. तीन प्रश्न: अशा कामाला एरवी लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागलाय का, त्यात अर्जदाराचा दोष आहे का, आणि खात्यानं पटेल असं कारण दिलंय का. ‘सुरक्षा तपासणी चालू आहे’ एवढं म्हणणं हे कारण पुरेसं आहे का, यावरच मग वकिलांचा बाजार चालतो. अमेरिकेतली न्यायालयं १९८४च्या एका निकालातल्या सहा कसोट्या लावतात; पण रांगेत इतरही उभे आहेत, तुम्हाला पुढे का काढू, असं म्हणून बरेचदा हात झटकतात. मला ते म्हणणं अगदीच चूक वाटत नाही, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. २०२४च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहाविरुद्ध तीन मतांनी सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. ते प्रकरण नकाराचं होतं, उशिराचं नव्हे, आणि तो देशही माझा नव्हे. तरी बसमध्ये बातमी वाचताना माझा स्टॉप गेला.

आम्ही परमादेशाचा अर्ज अजून केलेला नाही. छत्तिसावा महिना ठरवलाय. तारीख ठरवून ठेवल्यामुळे रोज ‘आता करायचा का’ हा वाद होत नाही, एवढा तरी फायदा. आमच्या भागाच्या खासदाराच्या ऑफिसला मात्र दोनदा लिहिलं. तिथली मुलगी मनानं चांगली होती; तिनं चौकशी केली आणि खात्याचं उत्तर जसंच्या तसं पाठवून दिलं. त्यात वर्तुळाखालचीच दोन वाक्यं होती.

ग्रेट बिटर लेकची गोष्ट मला नवऱ्यानं सांगितली, अठ्ठाविसाव्या महिन्यात, मी फोनवर रडत असताना. सुएझ कालव्याच्या मध्यावर हे खारं सरोवर आहे. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं तेव्हा कालव्यातून जाणारी चौदा मालवाहू जहाजं त्यात थांबवली गेली, आणि दोन्ही बाजूंनी कालवा बंद झाला. वाटलं होतं काही दिवसांचा प्रश्न आहे. वाळवंटातली वाळू डेकवर बसून जहाजं पिवळी पडली, म्हणून त्यांना ‘यलो फ्लीट’ म्हणायला लागले. ब्रिटिश, जर्मन, पोलिश, स्वीडिश, बल्गेरियन, शीतयुद्धातले दोन्हीकडचे लोक एका तळ्यात. त्यांनी एक मंडळ काढलं. एका जहाजावर फुटबॉल, एकावर सिनेमा, एकावर प्रार्थना. स्वतःची टपाल तिकिटं हातानं बनवली. १९६८ मध्ये मेक्सिकोत ऑलिंपिक चाललं होतं, तेव्हा यांनी आपलंही भरवलं. खलाशी बदलत गेले, जहाजं तिथेच. कालवा उघडला १९७५ साली.

‘आठ वर्षं?’ मी रडायची थांबून विचारलं. ‘हे तू मला धीर द्यायला सांगतोयस?’

‘नाही गं. इंजिनाबद्दल सांगतोय. चौदांतली दोनच जहाजं स्वतःच्या इंजिनावर घरी पोचली, दोन्ही जर्मन. आठ वर्षं उभं राहिलेलं इंजिन असं चालू होत नाही. कुणीतरी ते अधूनमधून फिरवत असणार.’

इंजिनिअरशी लग्न केलं की असं सांत्वन मिळतं.

पण त्या आठवड्यापासून मी स्टेटस बघायचं रविवारवर आणलं. आधी दिवसातून किती वेळा बघायची ते सांगायची लाज वाटते. फोनच्या काचेवर त्या बटणाच्या जागी अंगठ्याचा डाग पडला होता, त्याच्या डायरीवर आहे तसा. रविवारी सकाळी दहाला बघते, वहीत तारीख घालून ‘तसंच’ असं लिहिते आणि वही मिटते. खात्याला चौकशीचं पत्र तीन महिन्यांतून एकदाच, चार ओळींचं. पूर्वी मी नवनवी कागदपत्रं पाठवत राहायची, फोटो, तिकिटं, कॉलची यादी. वकीलबाईंनी थांबवलं. न मागता पाठवलेला प्रत्येक कागद कुणीतरी उघडून बघायचा असतो, आणि आपली फाईल तेवढ्यापुरती पुन्हा कुणाच्या तरी टेबलाच्या तळाशी जाते. खरा बदल झाला तर मात्र लगेच कळवायचा: पासपोर्ट, पत्ता, नोकरी. आणि बंदर अब्बासचा विषय माझ्याकडून पुन्हा निघाला नाही. त्याच्याकडून निघतो, चेष्टेत. काही हरवलं की म्हणतो, बंदर अब्बासला राहिलं असेल.

ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते पैशांचं आणि कामाचं. पासपोर्ट कधीही मागवतील या आशेवर त्यानं लांबची कॉन्ट्रॅक्टं घेणं सोडलं. सेकंड इंजिनिअरचा चीफ व्हायच्या उंबरठ्यावर होता; आता एका दुरुस्ती गोदीत किनाऱ्यावरची नोकरी करतो, बऱ्याच कमी पगारावर. आधी ‘तीन महिन्यांपुरती’ होती. सासूबाई दर फोनला ‘आलं का गं काही?’ विचारायच्या. मग त्यांनी तो प्रश्न सोडला आणि ‘जेवलीस का’ वर आल्या. तेव्हा मला कळलं की त्यांनी आशा सोडली असावी, आणि मी त्यांच्यावर उगीचच चिडले.

वैद्यकीय तपासणीचीही मुदत असते. कॅनडात ती बारा महिने धरतात, अमेरिकेत साधारण सहा. आमचीही केव्हाच संपली. मागच्या महिन्यात ईमेल आलं तेव्हा विषयात ‘आपल्या अर्जाबाबत’ एवढंच होतं, आणि मी ते ऑफिसच्या जिन्यात बसून उघडलं. निर्णय नव्हता. तपासणी पुन्हा करा, नवा फोटो पाठवा, आणि सोबतच्या फॉर्मवर, अर्ज केल्यापासून काही बदल झाला असल्यास नमूद करा.

तो फॉर्म आम्ही रात्री बसून भरला. माझ्याकडे रात्र, त्याच्याकडे सकाळ. वैवाहिक स्थिती: बदल नाही. मुलं: बदल नाही. इथे आम्ही दोघंही जरा थांबलो. मी छत्तीस वर्षांची होते अर्ज केला तेव्हा. मग मी पुढच्या रकान्यात गेले. पत्ता: बदल नाही. नोकरी: बदल आहे, तो लिहिला. प्रवास: तीन वेळा मी गेले होते ते. इतर काही माहिती: तिथे पाच ओळींची जागा होती. ‘लिहायचं का काही?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘लिही, जनरेटर दोन.’

फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते. त्याच्या घराच्या भिंती पोपटी आहेत. म्हणून त्यानं पुतण्याला खुर्चीवर उभं केलं आणि मागे चादर धरायला लावली. फोटो आला तो मी मोठा करून बघितला. पहिल्या अर्जातल्या फोटोत दाढी काळी होती, आता हनुवटीच्या दोन्ही बाजूंना पांढरी झालीय. आणि डाव्या कोपऱ्यात, चादरीच्या कडेवर, चार छोटी बोटं, एका नखाला शाई. प्रणालीनं तो फोटो परत पाठवला: पार्श्वभूमीत अन्य वस्तू. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टुडिओत जाऊन नवा काढला, तो फाईलमध्ये गेला. बोटांचा माझ्याकडे आहे.